मदत हवी आहे: दर मिनिटाला येणाऱ्या उपग्रह चित्रांवरून वादळ ओळखायचंय, आकडे काहीच्या काही येतायत

ढगवेडा: मंडळी अर्जंट आहे. ढगमाथा किती झपाट्याने थंड होतोय ते काढतोय, म्हणजे रडारवर पाऊस दिसायच्या आधीच इशारा देता येईल. पण प्रोग्राम दर तीन-चार मिनिटांनी बोंब मारतोय, तासाभरात १८ इशारे आणि वादळ एकच. काय चुकतंय?

निंबस: उपग्रह कोणता, चॅनेल (म्हणजे कुठल्या तरंगलांबीचं चित्र) कोणता? मनकवडे नाही आहोत आम्ही.

ढगवेडा: गोज, अमेरिकेचा हवामान उपग्रह, अजून कोणता? इन्फ्रारेडच असणार ना.

अर्धा तास: अजून कोणता म्हणजे? आपल्या इन्सॅटच्या एकेका उपग्रहाचं चित्र अर्ध्या तासाने येतं, तेवढ्यात ढग वाढून गारा टाकून मोकळा. जपानचा हिमावारी पूर्ण गोलार्ध १० मिनिटांत देतो. विचारणारच.

रडारप्रेमी: उपग्रह सोडा हो, डॉप्लर रडार बघा. उपग्रहाला ढगाचं फक्त टक्कल दिसतं, पोटात काय चाललंय ते रडारलाच कळतं.

निंबस: पोटात पाऊस तयार झाल्यावर ना? त्याला त्याच्या आधीचा वेळ हवाय, धाग्यात लिहिलंय तसं. ढगवेडा, १०.३ मायक्रॉनचा चॅनेल १३ असेल तर तापमानातला एक मिनिटाचा फरक घेऊच नका, त्यात नुसती खरखर येते, चित्र जरा हललं तरी आकडा उडतो. चित्रं एक मिनिटाचीच ठेवा पण फरक पाच मिनिटांचा काढा. माझा ठोकताळा: १५ मिनिटांत ८ अंश थंड म्हणजे ढग जोमात. आणि एखादा आकडा टाका की इथे.

ढगवेडा: १२:४१ ला +४ अंश, १२:४२ ला −३१. त्याच पिक्सेलला.

निंबस: त्याच पिक्सेलला?? अहो ढग चालतो. मिनिटात ३५ अंश कुठलाच ढग थंड होत नाही. शेजारच्या वादळाची ऐरण, म्हणजे ढगाचा वर पसरलेला सपाट माथा, त्या पिक्सेलवर सरकली असणार, दृश्य चॅनेलमध्ये बघा, तंतूतंतू कडा दिसेल. ढगाचा माग काढा, जागेचा नाही.

तिरकस: पॅरॅलॅक्स, म्हणजे तिरक्या नजरेमुळे जागेत पडणारा फरक, सुधारलात का? १२-१५ किमी उंचीचा ढग तिरकस नजरेने जागेवरून बराच सरकलेला दिसतो.

रडारप्रेमी: हे त्याने विचारलंच नाही.

तिरकस: नाही विचारलं तरी रडारशी ताडताना लागणारच.



ढगवेडा: ऐरणच होती! लाज वाटली. माग काढायला लावलं तर १८ चे ५ झाले, त्यातले दोन खरे. पण खऱ्या वादळाचं थंड होणं मध्येच थांबलं, ते का?

निंबस: माथा तपस्तब्धीला, म्हणजे ढग सहसा ज्याच्या वर जात नाहीत त्या हवेच्या थराला, टेकला की थांबणारच. आता वेग सोडा, ऐरणीत भोवतालपेक्षा सहासात अंश थंड फुगवटा दिसतो का ते बघा. आणि पुढच्या वेळी चॅनेल आधी सांगा.