पडल्यानंतर सेल्फ लागत नाही, हँडल ओढते : संपूर्ण वायरिंग बदलावे का?

प्रश्न

गेल्या आठवड्यात ओल्या रस्त्यावर माझी ११० सीसीची बीएस-६ स्कूटर डाव्या बाजूवर घसरली. माझे खरचटण्यावर निभावले, परंतु डावी ब्रेक लिव्हर वाकली आणि पुढचा मास्क तडकला. डावा ब्रेक दाबून बटण दाबले असता सेल्फ लागत नाही; किक मारल्यास मात्र इंजिन लगेच सुरू होते. हँडल पूर्ण उजवीकडे वळवले की हेडलाइट क्षणभर विझतो. शिवाय सरळ जाण्यासाठी हँडल किंचित डावीकडे धरावे लागते. गॅरेजमध्ये सेल्फ मोटर आणि संपूर्ण वायरिंग बदलण्यास सांगितले आहे. हा खर्च खरोखर आवश्यक आहे का?

प्रतिसाद १

किकने इंजिन सुरू होते याचा अर्थ इग्निशन, इंधनपुरवठा आणि मुख्य फ्यूज शाबूत आहेत, त्यामुळे संपूर्ण वायरिंगवर संशय घेण्याचे कारण मला दिसत नाही. बहुतेक स्कूटरमध्ये ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फला प्रवाह मिळत नाही आणि त्यासाठीचा छोटा स्विच लिव्हरच्या मुळाशीच असतो. लिव्हर वाकली की तिचा स्विचवरचा दाब बदलतो. चावी चालू करून डावी लिव्हर दाबा आणि मागचा ब्रेक लाइट लागतो का ते पाहा. लागत नसेल, तर उजवी लिव्हर दाबून सेल्फ मारून पाहा. दोन्हीकडे लाइट लागूनही सेल्फ गप्प असेल, तरच बॅटरी, रिले (मोटरला प्रवाह सोडणारा स्विच) आणि शेवटी मोटर तपासावी. बटण दाबताना बॅटरीचा दाब १० व्होल्टच्या बराच खाली जात असेल, तर दोष मोटरचा नसून बॅटरीचा असण्याची शक्यता अधिक.

हेडलाइटचे दुखणे वेगळे आहे. मास्क उघडून हँडलच्या मानेजवळची वायर चिमटली आहे का, किंवा एखादा कपलर (वायरींचा जोड) अर्धवट निसटला आहे का, हे हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवत पाहावे. तेथे तांबे उघडे पडले असेल, तर तेवढाच भाग नीट जोडून घ्यावा. फ्यूज उडू लागल्यास मोठ्या अँपिअरचा फ्यूज बसवण्याचा देशी उपाय कृपया करू नये. त्याने वायरिंग खरोखरच जळते.

प्रतिसाद २

विजेचे वरील निदान मला पटते, मात्र माझ्या मते आधी हँडलकडे पाहावे, कारण सेल्फ नसला तरी किकवर गाडी चालते, पण वाकलेल्या फोर्कवर (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांवर) चालवू नये. मेन स्टँड लावून दुसऱ्याला मागून सीट दाबण्यास सांगावे, म्हणजे पुढचे चाक उचलले जाईल. आता हँडल सावकाश फिरवताना मध्यभागी अडकल्यासारखे वाटले, तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) खराब झाला आहे. चाक फिरवून रिम आउट (वाकडी) झाली आहे का तेही पाहावे. चाक मडगार्डच्या मधोमध असून फक्त हँडल तिरके दिसत असेल, तर बहुधा हँडलचा पाइपच वाकला आहे आणि काम स्वस्तात होईल. चाकाचा अ‍ॅक्सल (मधला दांडा) काढताना हाताने सरकत नसेल, तर फोर्क वाकल्याचा संशय धरावा.

प्रश्नकर्ता

डाव्या लिव्हरने ब्रेक लाइट लागत नाही. उजवी लिव्हर दाबल्यावर सेल्फ पहिल्याच झटक्यात लागला. हँडल कोठेही अडकत नाही, चाकही मडगार्डच्या मधोमध आहे. जुनी लिव्हर ठोकून सरळ करून घेतली तर चालेल का?

प्रतिसाद २

नको. ती ओतीव अ‍ॅल्युमिनियमची असते. सरळ करताना तिला बारीक चीर पडते आणि जोराने ब्रेक दाबताना ती तुटू शकते. नवीन लिव्हर आणि ब्रेक स्विच एकत्रच बसवावा, नंतर ब्रेकची केबल पुन्हा जुळवावी. आपल्या गाडीत डाव्या लिव्हरने दोन्ही ब्रेक लागत असतील, तर पुढचे चाक मोकळे फिरते आहे याची खात्री करूनच गाडी ताब्यात घ्यावी. विमा स्वतःच्या नुकसानीचाही असेल आणि दावा करायचा असेल, तर काहीही उघडण्याआधी कंपनीला कळवून छायाचित्रे काढून ठेवावीत. केवळ थर्ड पार्टी असेल, तर यातले काहीच मिळणार नाही.