रीफ टाकीत (समुद्री कोरलच्या टाकीत) गंजाच्या रंगाचे फ्लॅटवर्म (चपटे किडे), औषध ओतू का?

दादरचा_रीफवाला:
मंडळी, मदत हवी आहे. तीन फुटी टाकी आहे, ९०×४५×४५ सेंमी. दोन क्लाउनफिश, आणि कोरलमध्ये मशरूम, झोआ आणि एक लेदर. मशरूमवर आधी तांबूस ठिपके दिसले, आता खडकाची उजेडाकडची बाजू त्यांनीच झाकली आहे. लांबी चार-पाच मिलिमीटर, शेपटीला टोकं. झोआ उघडेनासे झालेत. दुकानदार म्हणतो, बाटली आजच ओता.

मुलुंडची_खारी:
आज ओतू नका, कळकळीने सांगते. तुमच्या वर्णनावरून ही लाल प्लॅनेरिया, म्हणजे कॉन्व्होल्यूट्रिलोबा. भिंगातून शेपटीला तीन टोकं दिसली तर खात्रीच. अंगात शेवाळ बाळगतात म्हणून उजेडात येऊन बसतात. कोरल खात नाहीत, पण वर थर साचला की झोआ गुदमरतात. खरा धोका ते मरताना असतो. ढिगाने एकदम मेले की अंगातलं विष पाण्यात उतरतं आणि मासे हातचे जातात.

आधी संख्या घटवा. दिवे लागून तासभर झाला की ते वर येतात. एअरपंपाच्या नळीने सायफन करा, दुसरं टोक सम्पमधल्या (फिल्टरच्या जोडटाकीतल्या) फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या पिशवीत. पाणी टाकीतच राहतं, किडे सॉकमध्ये अडकतात. काम झालं की सॉक लगेच बाहेर काढून गोड्या पाण्यात धुवा. शेपटीकडून कळी सुटून नवा जीव होतो, त्यामुळे रोज करावं लागेल. मोजके उरेपर्यंत औषधाचं नाव नको.

डोस काचेच्या मापावर काढू नका. तुमची टाकी कागदावर १८२ लिटर, पण खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करून सम्पमधलं पाणी मिळवा. औषधाच्या दिवसासाठी ५० लिटर मिठाचं पाणी आदल्या रात्रीच कालवून तयार ठेवा, खारटपणा १.०२५ (विशिष्ट गुरुत्व), तापमान टाकीइतकंच. औषध घालताना कार्बन (विषारी द्रव्यं शोषणारा कोळसा) आणि यूव्ही दिवा बंद, हवा चालू. किडे सुटून तरंगू लागले की ओढून घ्या, मग भरपूर ताजा कार्बन आणि पाणी बदल. मासे धापा टाकताना दिसले तर वाट न पाहता हेच करा.

गिरगाव_सागर:
ताईंशी सहमत. सिक्सलाइन रास किंवा पिवळा कोरिस काही टाक्यांत हे किडे टिपतात, पण प्रत्येक मासा खाईलच असं नाही. निळी मखमली गोगलगाय, केलिडोनुरा, हेच खाते. किडे संपले की ती उपाशी मरते. तेवढ्यासाठी ती आणणं मला पटत नाही.

दादरचा_रीफवाला:
ताई, आत्ता भिंगातून पाहिलं, तीनच टोकं आहेत. नळी आजच आणतो. नवीन कोरल आणताना डिप केलं (औषधी पाण्यात बुडवून काढलं) की पुरे का?

मुलुंडची_खारी:
लाल प्लॅनेरियासाठी डिप करून निदान महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा, रोज भिंगाने बघा. ॲक्रोपोरा (फांद्यांचं कठीण कोरल) खाणारा फ्लॅटवर्म वेगळा. तो कोरलच्याच रंगात लपतो, फिकट गोल चाव्यांवरून ओळखू येतो, आणि त्याची अंडी डिपने मरत नाहीत. ती बुंध्याशी, मेलेल्या भागावर असतात. खरवडून काढावी लागतात आणि डिप दर आठवड्याला पुन्हा करावं लागतं.