मदत हवी आहे: एमबीबीएसनंतर नुसतं एमडी करावं की एमडी-पीएचडी?

मंडळी, मी आरमोरी तालुक्यातल्या एका गावची. सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालं, इंटर्नशिप संपत आली आहे. पुढे एक वर्षाचा ग्रामीण सेवेचा बॉण्ड, तो मी गडचिरोली जिल्ह्यातच करणार. अडलंय त्यानंतरचं. नीट-पीजी (पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) देऊन तीन वर्षांचं एमडी मेडिसिन करावं, की एमडी आणि पीएचडी एकत्र करता येतं अशा ठिकाणी पाच-सहा वर्षं द्यावीत?

माझ्या डोक्यात विषय एकच आहे, सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. आमच्या भागात हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सोल्युबिलिटी टेस्ट (रक्ताची प्राथमिक चाचणी) पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की तपासणी होते, एएस (नुसता वाहक) की एसएस (प्रत्यक्ष आजार) ते कळतं, एसएसवाल्यांना फॉलिक अ‍ॅसिड आणि गरजेप्रमाणे हायड्रॉक्सीयुरिया सुरू होतं. एवढं मला डॉक्टर म्हणून करता येईल. पण वॉर्डात एकाच घरची दोन भावंडं पाहिली, दोघंही एसएस. थोरल्याला हाडं दुखून सारखं भरती करावं लागतं, रक्त चढवावं लागतं. धाकटी रोज शाळेत जाते. फीटल हिमोग्लोबिन (गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन, काहींत ते नंतरही राहतं) जास्त असलं की त्रास कमी होतो, हे पुस्तकात आहे. मग एकाच आईबापाच्या लेकरांत एवढा फरक कुठून येतो? आणि कोणतं लेकरू जास्त आजारी पडणार, हे ते अंथरुणाला खिळण्याआधी ओळखता येईल का? भारतातला सिकलसेल सौम्य असतो असं पूर्वी म्हणत. नागपूरच्या मुलांवरच्या अभ्यासांनंतर तसं सरसकट म्हणता येत नाही. हे वाचल्यापासून मला नुसत्या ओपीडीवर समाधान वाटेनासं झालं आहे.

दुसरी बाजू घरची. बाबा कास्तकार, धानाचं वावर, लहान भावाचं शिक्षण व्हायचं आहे. रेसिडेंटला विद्यावेतन मिळतं हे खरं, पण घरी आधार द्यायला आणखी किती वर्षं थांबवायचं? आई म्हणते, "इतके वर्सं शिकतच राहाशीन तं दवाखाना कवा टाकशीन?" तिचं चूक नाही. तालुक्याला फिजिशियन आज पाहिजे.

अमेरिकेचा सल्ला कृपया नको. तिथे १९६४ पासून एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पैशावर एमडी-पीएचडी चालतं, फी माफ असते, साधारण आठ वर्षं लागतात. पण तो पैसा त्यांच्या नागरिकांसाठी आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे. मला इथेच राहायचं आहे. ज्यांनी दोन्ही एकत्र केलं त्यांनी एवढं सांगावं: प्रयोगशाळेतल्या वर्षांत रुग्ण तपासायचा हात राहतो का? आणि परत जिल्ह्यात आल्यावर त्या पीएचडीचा उपयोग झाला का?

वैनगंगाकाठ:
बाळा, मी मेडिसिनची, एका मेडिकल कॉलेजात शिकवते. नोकरीसाठी पीएचडी करू नकोस. असिस्टंट प्रोफेसर व्हायला एमडी आणि त्यानंतर एक वर्षाची सीनियर रेसिडेन्सी (इस्पितळातली नोकरी) लागते, पीएचडी लागत नाही. एमडीलाही थिसिस असतोच, तो सिकलसेलवर घे.

आता मुद्द्याचं. तुझ्या पोस्टमध्ये दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. भावंडांत फरक का, हा जनुकांचा प्रश्न आहे. त्याला प्रयोगशाळेतली सलग वर्षं लागतात आणि तिथे पीएचडीचं शिक्षण खरंच कामी येतं. कोणतं लेकरू जास्त आजारी पडणार, हे मात्र गावात राहून, शेकडो मुलांची वर्षानुवर्षं नीट नोंद ठेवून शोधता येतं. त्याला साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र पाहिजे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग जॉन्स हॉपकिन्सहून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन आले आणि १९८६ पासून तुझ्याच जिल्ह्यात काम करू लागले. गावातल्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, तर बालमृत्यू कमी होतात, हा त्यांचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तो गावाच्या नोंदींतूनच उभा राहिला.

हाताचं विचारलंस म्हणून सांगते, सलग दोन-तीन वर्षं वॉर्ड सुटला की हात जड होतो. आठवड्यातून एक ओपीडी लेखी मागून घे. मला विचारशील तर आधी एमडी. पीएचडी नंतरही करता येते, आणि तोवर घरी पगार सुरू झालेला असेल.

धागाकर्ती:
मॅडम, दोन प्रश्न वेगळे आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा आहे, हे आता लिहिताना जाणवतंय. मग बॉण्डच्या वर्षातच पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) येणाऱ्या एसएस मुलांची नोंद सुरू करावी म्हणते. पण ती पुढे अभ्यासासाठी वापरायची तर एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीची) परवानगी आणि पालकांची लेखी संमती आधीच लागेल ना? पीएचसीला अशी कमिटी नसते. माझ्या जुन्या कॉलेजातल्या कमिटीकडे अर्ज करता येईल का, आणि त्यासाठी तिथले कुणी प्राध्यापक मुख्य संशोधक म्हणून घ्यावे लागतील का?