टॅलिन सहल : गाईड एक की दोन? उद्या रात्रीपर्यंत कळवा

नंदन, सोमवार, रात्री ९:५०

मंडळी,

हेलसिंकीहून बोटीने टॅलिनला, एस्टोनियाच्या राजधानीत, जायचंय त्यासाठी तिथल्या गाईडबाईंचं उत्तर आलं. एका गटात पंधराच्या वर माणसं घेत नाहीत. आपण २७ झालो आहोत (२२ मोठे, ५ मुलं, मीनलचं बाळ धरून). त्यांचं म्हणणं, गल्ल्या अरुंद आहेत, घोळका थांबला की मागच्यांना ऐकू येत नाही आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाट उरत नाही. दुसरी गाईड त्याच बघून देतील, पण बुधवारी सकाळी पक्कं सांगायला हवं. एका गटाचे तीन तासांचे २०० युरो. दोघींचे ४००.

शिवाय सुरुवात कुठून करायची तेही विचारलंय. बंदरावरून चालत वर, की आधी गाडीने तोम्पेआच्या टेकडीवर आणि मग उतरत खाली? गुडघेवाले, बाबागाडीवाले, आत्ताच बोला. पोर्वोच्या सहलीला झालं तसं नको.

नंदन

शुभदा, सोमवार, रात्री १०:१२

४०० भागिले २२ म्हणजे १८.१८. मुलं धरून २७ ने भागलं तर १४.८१. मुलांचे घ्यायचे की नाही हे मीटिंगमध्ये ठरलेलं नाही, इतिवृत्त पाहा. मंडळाच्या खात्यातून काही मिळणार नाही, गणपतीच्या हॉलची अनामत भरायची आहे. बोटीचे पैसे अजून चौघांचे यायचेत. नावं लिहीत नाही, चौघंही हे वाचताहेत.

शुभदा (खजिनदार)

पराग, सोमवार, रात्री १०:४०

चारशे युरो? अहो, ते जुनं शहर एवढंसं. या टोकाहून त्या टोकाला वीस मिनिटांत माणूस पोचतो. मी तीनदा जाऊन आलोय. बंदरावर उतरलं की ओलेविस्ते चर्चचा मनोरा दिसतोच, नाकासमोर चालत सुटायचं. बाकी सगळं फोनवर वाचता येतं. त्या पैशात सगळ्यांचं जेवण होईल.

गौरी, सोमवार, रात्री ११:०५

पराग, तीनदा जाऊन काय आणलंस ते आम्ही पाहिलंय. दर वेळी ट्रॉलीवर बियरची खोकी होती.

नंदन, मंगळवार, सकाळी ७:३०

कामावर जायच्या आधी घाईत लिहितोय.

पराग, मीही आधी दोनदा फोन हातात धरून फिरलो होतो. टाऊन हॉल १४०४ चा, त्यावरचा वाऱ्याबरोबर फिरणारा शिपाई, म्हातारा थॉमस, १५३० चा, समोरच्या औषधांच्या दुकानाचा उल्लेख १४२२ पासून सापडतो आणि आजही तिथे औषधं मिळतात. हे सगळं वाचलं होतं. घरी आल्यावर दिवाळीच्या फराळासारखं एकात एक मिसळून गेलं.

ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघंच याच बाईंबरोबर गेलो. त्यांनी चौकात फार वेळ घालवलाच नाही. पिक्क रस्त्यावर ५९ नंबरच्या घरापाशी उभं केलं आणि खाली तळघराच्या खिडक्या बघा म्हणाल्या. विटांनी बुजवलेल्या. तिथे केजीबीचं, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांचं, ऑफिस होतं. लोक त्या काळी म्हणायचे, शहरातली सर्वांत उंच इमारत हीच, हिच्या तळघरातून थेट सैबेरिया दिसतो. मी त्या दारावरून आधी दोनदा गेलो होतो, एकदा आईस्क्रीम खात.

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. २३ ऑगस्ट १९८९ ला टॅलिनपासून रीगावरून विल्निउसपर्यंत माणसांनी सोव्हिएत राजवटीविरुद्ध हातात हात धरून साखळी केली होती, सहाशे किलोमीटरच्या वर. बाई तेव्हा आठ वर्षांच्या, आईबरोबर शहराबाहेर हमरस्त्यावर उभ्या. डाव्या हाताला आई, उजव्या हाताला कुणी अनोळखी आजोबा. त्यांचा हात खरखरीत होता आणि ते सारखे घड्याळ बघत होते, एवढंच त्यांना नीट आठवतं. हे मी फोनवर कुठे वाचणार होतो?

गाईड हवीच. वाद फक्त एक की दोन हा आहे. आणि सुरुवात कुठून.

वसुधा, मंगळवार, सकाळी ९:१५

नंदन, माझा प्रश्न वेगळाच आहे. सासू-सासऱ्यांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे. टॅलिनला गेले तर परत हेलसिंकीत येता येईल ना? की तिथेच राहावं लागेल? सासरे म्हणताहेत, राहायला हरकत नाही, पण औषधं पंधरा दिवसांचीच आहेत.

विनायक, मंगळवार, सकाळी ९:४०

एकाच प्रवेशाचा असेल तर धोका घेऊ नका. एकदा देश सोडला की संपलं.

शुभदा, मंगळवार, सकाळी ९:५८

विनायक, चुकीचं सांगू नकोस, म्हातारी माणसं घाबरतात. एस्टोनिया २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. इथून तिथे जाणं म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणं नव्हेच. प्रवेश मोजला जातो तो बाहेरून आत येताना. वसुधाताई, खुशाल न्या. पासपोर्ट मात्र सगळ्यांचे खरे हवेत, फोनमधला फोटो नको. आपल्यापैकी ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांनी इथलं रहिवासाचं कार्डही घ्या.

भाऊकाका, मंगळवार, दुपारी १२:२०

सर्वांस नमस्कार.

शेंगेनची चर्चा वाचून गंमत वाटली. मी पहिल्यांदा टॅलिनला गेलो १९८६ साली, 'गिओर्ग ओत्स' नावाच्या सोव्हिएत बोटीने. व्हिसाला काही आठवडे गेले होते. उतरायचं ते विरू हॉटेलातच. बावीस मजल्यांची लिफ्ट. वर तेविसावा मजला आहे हे बाहेरून डोळ्यांनी दिसायचं, पण लिफ्टमध्ये त्याचं बटण नव्हतं. तिथून केजीबीवाले खोल्याखोल्यांतलं बोलणं ऐकत. आता तिथे संग्रहालय केलंय. माझ्याबरोबरच्या फिनिश सहकाऱ्याने खोलीत मोठ्याने म्हटलं, टॉवेल पातळ आहेत. मी त्याला गप्प केलं. टॉवेल काही बदलून मिळाले नाहीत, हेही नोंदवतो.

मुद्दा असा की विरू, आणि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकची शिडाच्या होड्यांची शर्यत टॅलिनला झाली तेव्हा बंदराशेजारी बांधलेला लिन्नाहाल हा मोठा सभागृहाचा इमला, हा भाग मी दाखवू शकतो. फुकट. त्यासाठी गाईडचे तास जाळू नका.

चढणीचं म्हणाल तर तोम्पेआ म्हणजे काही पर्वती नव्हे. आम्ही पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढत होतो.

भाऊ

मीनल, मंगळवार, दुपारी १२:४४

काका, पर्वतीवर तुम्ही बाबागाडी ढकलत नव्हतात. तिथे सगळीकडे गोटे बसवलेले रस्ते आहेत. पोर्वोला माझ्या गाडीचं पुढचं चाक निखळलं आणि तुम्ही सगळे पुढे निघून गेला होतात. मला नदीकाठी पाऊण तास बसावं लागलं. मी विसरलेले नाही.

गौरी, मंगळवार, दुपारी १:०२

पाऊण तास नव्हे, वीस मिनिटं. मी होते बरोबर.

मीनल, मंगळवार, दुपारी १:०६

तू कॉफी आणायला गेली होतीस.

पराग, मंगळवार, दुपारी ३:३०

गाईडबाई बोलणार कोणत्या भाषेत? इंग्रजीत असेल तर सासू-सासरे, आई-बाबा मंडळींचं काय? फिनिश चालेल म्हणत असाल तर जपून. एस्टोनियन आणि फिनिश सख्ख्या बहिणी असल्या तरी शब्द दगा देतात. इथे आपल्या कार्यकारिणीला 'हल्लितुस' म्हणतात ना, एस्टोनियनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ बुरशी. तिकडे गेल्यावर पदाधिकाऱ्यांची ओळख बेताने करून द्या.

शुभदा, मंगळवार, दुपारी ३:४१

बुरशीने या वर्षी तुझी वर्गणी दोनदा मागितली आहे.

वसुधा, मंगळवार, संध्याकाळी ५:२०

भाषांतर मी करीन. पण बाईंना सांगा, दोन वाक्यांनंतर थांबत जा. लूव्हरला आमच्या गाईडने एका दमात पंधरा मिनिटं सांगितलं, आणि मी सासूबाईंना म्हटलं, "जुनं चित्र आहे." त्यांनी अजून मला माफ केलेलं नाही.

सासूबाईंना चाकांची खुर्ची लागेल. म्हणून माझं मत वरूनच सुरुवात. आणि खाण्याचं काय? त्या कांदा-लसूण खातात, अंडं नाही.

गौरी, मंगळवार, संध्याकाळी ५:४५

वसुधाताई, तिखटमिठाच्या पुऱ्या मी आणते. तिथल्या दुकानात 'कामा' मिळतो तो त्यांना दाखवा. सातू, राय, ओट आणि वाटाणा भाजून केलेलं पीठ, ताकात किंवा दह्यात कालवून खातात. माझी आई चव घेऊन म्हणाली, हे तर आपलं सातूचं पीठ, वेलची घालायला विसरले! आणि 'कोहुके'. चक्का गोड करून त्याची कांडी, वरून चॉकलेट. मुलं जेवणार नाहीत मग, सांगून ठेवते. पाकिटावरचं वाचून घ्या.

विनायक, मंगळवार, संध्याकाळी ६:१०

खाण्यावरून आठवलं. ऑक्टोबरमध्ये नंदनच्या बाईंनी मिठाचं सांगितलं होतं का? हे शहर मिठावर श्रीमंत झालं. आम्ही पेणचे, मिठागरं बघत वाढलो, म्हणून मला वाटायचं समुद्र आहे तिथे मीठ असणारच. पण बाल्टिकचं पाणी अळणी. वाफवून मीठ निघत नाही. मासे खारवायला मीठ तर हवं, ते थेट फ्रान्स-पोर्तुगालहून गलबतांनी यायचं. टॅलिनहून धान्य, मेण, कातडी जायची. हान्सा, म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांचा संघ, त्यातल्या व्यापाऱ्यांची सगळी गोदामं त्यावर उभी राहिली. पिक्क रस्त्यावरच्या घरांच्या माथ्याशी माल ओढायच्या तुळया अजून दिसतात. म्हणून मला बंदराकडून सुरुवात हवी. गलबत जिथे लागत होतं तिथून माल जसा आत गेला तसं आपण जायचं. वरून सुरू केलं की गोष्ट उलटी होते.

वसुधा, मंगळवार, संध्याकाळी ६:२२

गोष्ट उलटी झाली तरी चालेल, खुर्ची उलटी व्हायला नको.

नंदन, मंगळवार, रात्री ९:०५

गाईडबाईंना मघाशी फोन केला. त्यांना हसू आलं. म्हणाल्या, हा वाद आमच्याकडे सातशे वर्षं जुना आहे. वर तोम्पेआवर बिशप आणि सरदार, खाली व्यापारी. दोन वेगळी शहरं, वेगळे कायदे, मधल्या वाटांना दारं, रात्री बंद. खालच्यांना लुबेक या जर्मन व्यापारी शहराचा कायदा १२४८ पासून होता, वरच्यांना तो लागू नव्हता. वर-खाली जायच्या वाटा दोन. एक उताराची, पिक्क याल्ग म्हणजे लांब पाय. दुसरी पायऱ्यांची, ल्युहिके याल्ग म्हणजे आखूड पाय. एक पाय लांब, एक आखूड, म्हणून टॅलिन लंगडं, असं तिथले लोक स्वतःच म्हणतात.

दोन गाईड घ्यायच्या, असं मी ठरवून टाकलंय. ज्याला राग यायचा त्याने मला वेगळं लिहा, यादीवर नको.

वरचा गट : वसुधाताई आणि सासू-सासरे, मीनल आणि बाळ, भाऊकाका (काका, काकूंचा निरोप आला, चर्चा नको), आणि ज्यांना चढ नको ते. बंदरावरून टॅक्सीने थेट अलेक्झांडर नेव्हस्की चर्चच्या दारात, तिथपर्यंत गाडी जाते. मग कोहतुओत्साच्या कठड्यावरून लाल छपरं, समुद्र, आपलीच बोट. उतरायचं पिक्क यालगने, आखूड पायाने अजिबात नाही. बाई म्हणाल्या, खुर्ची उतारावर पाठमोरी धरायची आणि दोघांनी धरायची.

खालचा गट : विनायक आणि मंडळी. पाक्स मार्गारेता, म्हणजे बंदराच्या तोंडाशी जो जाडा बुरूज आहे तिथून पिक्क रस्त्याने आत, ५९ नंबर, मग लांब पायाने वर. वाटेत दोन्ही गट एकमेकांना भेटतील. तिथे फोटोसाठी वाट अडवू नये ही विनंती.

शेवट दोघांचा टाऊन हॉलच्या चौकात. निगुलिस्ते चर्चमधलं 'मृत्यूचं नृत्य' हे जुनं चित्र बघायचं असेल त्यांनी नंतर स्वतंत्र जावं, त्याचं तिकीट वेगळं. १९४४ च्या ९ मार्चच्या बॉम्बहल्ल्यात ते चर्च जळालं, चित्र आधीच हलवलं होतं म्हणून वाचलं. लिन्नाहाल आणि विरू दुपारी भाऊकाकांबरोबर.

मुलांचे पैसे घ्यायचे नाहीत. शुभदा, १८.१८ चे १८.५० कर, उरलेलं गाईडबाईंना टिप.

शुभदा, मंगळवार, रात्री ९:२०

२२ गुणिले १८.५० म्हणजे ४०७. टिप सात युरो, दोघींत साडेतीन-साडेतीन. शोभत नाही. २० करते. टॅक्सीचे पैसे वरच्या गटाने आपसात बघावे, ते माझ्या वहीत येणार नाहीत.

भाऊकाका, मंगळवार, रात्री ९:३१

मला वरच्या गटात का टाकलं ते समजलं नाही. मी चालत येणार. टॅक्सीत माझी जागा कुणाला तरी द्या.

पराग, मंगळवार, रात्री ९:५०

२० दिले. खालच्या गटात घ्या. परतीच्या बोटीवर ट्रॉली आणायला परवानगी आहे का?

वसुधा, मंगळवार, रात्री १०:१५

नंदन, थोडा बदल. सासूबाईंनी हे सगळं वाचून घेतलं (मी वाचून दाखवलं, पाऊण तास लागला). म्हणतात, खुर्ची नको, काठी पुरे, आणि भाऊकाका चालणार असतील तर मीही मिठाच्या रस्त्यानेच येणार. आता टॅक्सीत मीनल, बाळ आणि माझे सासरे. सासरे विचारताहेत, कामा नक्की कोणत्या दुकानात मिळतो.