कवितेचा व्हिडिओ दाखवला आणि वह्यांत लाल छत्र्या उगवल्या

खडूवाली:
नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला मराठी शिकवते. लोकवर्गणीतून वर्गात मोठा टीव्ही आलाय, म्हणून परवा पावसाच्या कवितेचा व्हिडिओ लावला. पोरं खूश, मीही खूश. मग म्हटलं, काय काय दिसलं ते लिहा. सत्तावीस वह्या तपासल्या, त्यांतल्या एकवीस जणांना लाल छत्री दिसली. कवितेत छत्री नाहीच! व्हिडिओ करणाऱ्यानं ती आपल्या मनानं घातलेली. आमच्याकडं पावसात पोरं खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतात, ती एकाही वहीत नाही. टीव्ही बंदच ठेवू, की वापरायची काही वेगळी रीत आहे?

जुना मास्तर:
पोर्शन कधी संपवता बाई? कृतिपत्रिकेत रसग्रहण येतं, छत्री येत नाही. (चेष्टा हो. आमच्या वर्गात छत्रीच्या जागी मोर होता.)

माणदेशी:
चित्र बंद, आवाज चालू. ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या खेड्यापाड्यांतल्या जगण्याची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून जमवलेल्या, एक लाखाहून जास्त. त्यातल्या कित्येक म्हणणाऱ्या बायांच्याच आवाजात ऐकता येतात. मी एक ओवी तीनदा ऐकवते आणि मुलांनी ती ऐकून लिहायची. ओळ कुठं तोडायची यावर भांडणं होतात, तोच माझा तास. छापील ओवी मागून दाखवायची.

एका मुलीनं घरी आजीला मोबाइलवर रेकॉर्ड केलं. आजीला खुर्चीत बसून काही आठवेना. खाली बसून जात्याचा खुंटा धरल्यासारखा हात फिरवला, तेव्हा ओवी आली. रेकॉर्डिंगमध्ये मधेच कुकरची शिट्टी आहे, ती मी काढू दिली नाही.

टंकलेखक:
व्हिडिओ दाखवू नका, पोरांकडून करून घ्या. मी सातवीला स्क्रॅच वापरतो, म्हणजे ठोकळे जोडून मुलांनी प्रोग्रॅम करायचं मोफत सॉफ्टवेअर; एकदा कॉम्प्युटरवर टाकलं की इंटरनेट लागत नाही. कवितेचे शब्द पडद्यावर एकेक अक्षरानं पाडायचे होते. ‘कविता’ पाडली तर क आला, व आला आणि मग नुसती वेलांटी, बिचारी रिकाम्या ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली! लांबी मोजायला सांगितली तर स्क्रॅच म्हणतो ५. पोरं बोटांवर मोजून म्हणतात ३. ‘विठ्ठल’ तर ६, कारण कॉम्प्युटर वेलांटी आणि पाय मोडायची खूणही वेगळी धरतो.

त्याच आठवड्यात मोठा अभंग घेतला: पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दरवर्षी हे फळ्यावर लिहितो आणि दरवर्षी पोरं जांभया देतात. यंदा मशीनला खोटं पाडायचं म्हणून टाळ्या वाजवत प्रत्येक चरण मोजला. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “सर, ह्याला डोळे आहेत, कान नाहीत.” मी तास तिथंच सोडला.

एक सांगतो, कॉम्प्युटर चारच असले तर गट करा, पण टायपिंग दर वेळी त्याच हुशार मुलाकडं जाऊ देऊ नका.

खडूवाली:
काल टीव्हीवर कापड टाकलं आणि त्याच कवितेचा नुसता आवाज लावला. पोत्याची खोळ चार वह्यांत आली. छत्री अजून नऊ जणांकडं आहे. एकीनं मात्र ती खोडून पुढं लिहिलंय, “आमची मोडकी आहे, काळी.” स्क्रॅच सोमवारी, वीज असली तर.