‘बिस्किट’ या शब्दाचा उगम आणि वापर

दादरकर
‘बिस्किट’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘दोनदा भाजलेले’ असा शब्दकोशात दिलेला आहे. आपण चहात बुडवतो ते ग्लुकोज किंवा मारी बिस्किट मात्र कारखान्यात एकदाच भाजले जाते. मग त्याला हे नाव कसे? अमेरिकेत याच नावाने निराळाच पदार्थ मिळतो म्हणतात. त्याविषयीही जाणकारांनी लिहावे.

गिरगावचा वाचक
व्युत्पत्ती बरोबर आहे. लॅटिनमध्ये ‘बिस’ म्हणजे दोनदा आणि ‘कॉक्टस’ म्हणजे शिजवलेले. तेथून जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. दुसरी भाजणी चवीसाठी नव्हती. ओलावा पुरता निघून गेलेल्या पावाला बुरशी धरत नाही आणि महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना असेच टिकाऊ अन्न लागे. पुढे साखर आणि लोणी घातलेल्या पिठाच्या पातळ चकत्या एकाच भाजणीत तितक्याच कोरड्या होऊ लागल्या. कृती बदलली, नाव तेच राहिले. खरे तर या नावावर आज कोणी हक्क सांगावा, तर तो आपल्या बेकरीतल्या टोस्टने, कारण त्यासाठी आधी पाव भाजतात आणि मग त्याचे काप पुन्हा भट्टीत घालतात.

अमेरिकेतील बिस्किट मऊ आणि फुगलेले, इंग्रजांच्या स्कोनच्या जवळचे असते. आपण ज्याला बिस्किट म्हणतो त्याला तेथे ‘कुकी’ म्हणतात. ‘छोटा केक’ अशा अर्थाचा हा शब्द डच भाषेतला. न्यूयॉर्क ही मुळात डचांचीच वसाहत होती.

बेकरीप्रेमी, माहीम
ब्रिटनमध्ये 1991 साली ‘जाफा केक’ हा केक की बिस्किट, असा वाद कर न्यायाधिकरणापुढे गेला होता. तेथे केकवर मूल्यवर्धित कर नाही, चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर मात्र आहे, म्हणून हा खटाटोप. शिळा झाल्यावर केक कडक होतो आणि बिस्किट सादळते, हा मुद्दा इतर मुद्द्यांबरोबर विचारात घेतला गेला आणि निकाल केकच्या बाजूने लागला. मुंबईच्या पावसाळ्यात, डब्याचे झाकण जरा सैल राहिले तरी, ही परीक्षा घरबसल्या घेता येते.

दादरकर
दोघांचेही आभार. या कसोटीवर खारीही बिस्किट ठरते आणि तिला ‘खारी बिस्किट’ म्हणणारे पुष्कळ आहेतच. मात्र कुरमुरेही सादळतात. तेव्हा ही कसोटी केक आणि बिस्किट यांच्यापुरतीच वापरलेली बरी.