मदत हवी आहे : आईच्या पत्राला उत्तर येत नाहीये (अर्जंट)

अभी_मिरज
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. आईने पत्र लिहून अडीच महिने झाले, उत्तर नाही. 28 तारखेला तिची पंचाहत्तरी आहे. त्याआधी दोन ओळी, निदान सही केलेला फोटो तरी यायला हवा. दुसरं पत्र टाकू, फोन करू की कुणाची ओळख लावू? 'धीर धरा' कृपया सांगू नका, तो संपलाय.

ठाणे_स्लो
पत्र कोणाला?

साडेसात
तेच विचारणार होतो. विहीणबाईंना असेल तर उपाय वेगळे.

अभी_मिरज
सॉरी, राहिलंच. एका ज्येष्ठ अभिनेत्रीला. नाव टाकत नाही, उगाच त्यांच्यावर चर्चा नको. सांगलीला दौरा असला की आई मिरजेहून एसटीने जाऊन त्यांचं नाटक बघायची, परतीची शेवटची गाडी चुकली तर स्टँडवर रात्र काढायची. पण मुद्दा तो नाही. उत्तर कसं मिळवायचं ते सांगा.

रॉकेट_रोहन
दादा, पत्र कोण लिहितं आता? इन्स्टावर मेसेज टाका. मी एका क्रिकेटपटूला स्टोरीत टॅग केलं होतं, बारा मिनिटांत हार्ट आलं.

साडेसात
आणि ते हार्ट फ्रेम करून भिंतीवर लावलं का?

रॉकेट_रोहन
स्क्रीनशॉट आहे.

निवांत_भिडू
मोठी माणसं पत्रांना उत्तर देत नाहीत हा गैरसमज आहे. कथाकार जीए कुलकर्णी बघा. माणसांना टाळायचे, पण धारवाडहून पानंच्या पानं पत्रं लिहायचे. ते गेल्यावर त्या पत्रांचे खंड निघाले. पत्रात माणूस जसा मोकळा होतो तसा समोरासमोर होत नाही. मराठीतल्या पत्रवाङ्मयावर एक वेगळा धागाच काढायला हवा.

ठाणे_स्लो
काढा की. पण जीए 1987 साली गेले, अभीच्या आईंना त्यांना लिहायचं नाहीये.

केतकीचं_बन
मला यावरून डॉ. जयंत नारळीकर आठवले. शाळेतली मुलं सहीसाठी वह्या घेऊन भोवती जमली की ते सांगायचे, सही अशी देत नाही, मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी येईल. माझ्या मोठ्या भावाने वही पुढे केली तेव्हा त्यालाही हेच ऐकावं लागलं. घरी येऊन रुसून बसला. मग आठवडाभर प्रश्न शोधला. जो सुचेल तो त्याला बावळट वाटायचा, नाहीतर बाबा म्हणायचे की हे पुस्तकातच आहे. शेवटी ते कार्ड कोरंच राहिलं. गेल्या वर्षी मे महिन्यात, 2025 ला, नारळीकर गेल्याची बातमी आली तेव्हा भावाचा फोन आला होता. बाकी काही बोलला नाही, 'ते कार्ड टाकायला हवं होतं गं' एवढंच.
सांगायचं काय, तुमच्या आईंनी पत्रात काही विचारलंय का? नुसतं कौतुक असेल तर समोरचा 'धन्यवाद' म्हणून विसरतो. एक नेमका प्रश्न असला की हात आपोआप पेनाकडे जातो.

अभी_मिरज
ताई, प्रश्न कसला! आठ पानं लिहिलीत. फुलस्केप. पाठपोटही नाही, मागे शाई उमटते म्हणून आई एकाच बाजूला लिहिते. प्रश्न असेल कुठेतरी, मी वाचलेलं नाही. मला उपाय सांगा ना कुणीतरी.

पोस्टमनचा_मुलगा
थांबा. आठ फुलस्केप कागद. तिकीट कितीचं लावलं?

अभी_मिरज
त्याचा इथे काय संबंध? घरात 5 चं होतं ते लावलं. पेटीत मीच टाकलं.

साडेसात
मी आधीच सांगणार होतो, असल्या गोष्टी रजिस्टर एडीनेच पाठवायच्या. पोचपावती हातात येते, विषय संपतो.

पोस्टमनचा_मुलगा
साडेसातराव, रजिस्टर पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय.
अभी, संबंध आहे. साधं पत्र 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपये, पुढच्या प्रत्येक 20 ला आणखी 5. फुलस्केपचा एक कागद चार-साडेचार ग्रॅम भरतो. आठ कागद अधिक पाकीट म्हणजे चाळिशीच्या आत धरलं तरी 10 रुपयांचं तिकीट हवं होतं. तुमचं पत्र नॉटपेड झालं. कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट, म्हणजे 10 रुपये, घेणाऱ्याकडून वसूल करतात. आता तुम्हीच विचार करा, दारात पोस्टमन म्हणतोय दहा रुपये द्या, आत काय आहे माहीत नाही. दार उघडणारा वॉचमन नाहीतर कामवाल्या मावशी. 'नको' म्हणतात. बाबांनी अशी पाकिटं कितीदा परत आणलेली मी पाहिलीत.

साडेसात
विलीन झालं म्हणजे बंदच की. म्हणून मी कुरिअर म्हणतो.

ठाणे_स्लो
पाच मिनिटांपूर्वी रजिस्टर एडी म्हणत होतात.

निवांत_भिडू
पूर्वी पत्त्याचीसुद्धा गरज नसायची. 'महात्मा गांधी, जहां हों वहां' एवढं लिहिलेलं पाकीट पोचायचं.

ठाणे_स्लो
गांधी होते म्हणून. अवांतर: पिनकोड आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणला. सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला. पहिला आकडा 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. वेलणकर संस्कृतमध्ये लिहायचेही.

रॉकेट_रोहन
हे चार राज्यांना एकच का?

केतकीचं_बन
मुलांनो, धागा अभीच्या आईंचा आहे. अभी, पत्र परत आलं असेल तर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर येतं. मागे तो लिहिला होता ना?

अभी_मिरज
हो, आमचा. म्हणजे तेव्हाचा.

पोस्टमनचा_मुलगा
तेव्हाचा म्हणजे?

अभी_मिरज
गणपतीनंतर आम्ही फ्लॅट बदलला. आधीच्या सोसायटीपासून दोन गल्ल्या पलीकडे. हे इतकं महत्त्वाचं असेल असं वाटलं नाही.

ठाणे_स्लो
😐

साडेसात
उठा आणि जा. टाइप करत बसू नका.

अभी_मिरज (दुसऱ्या दिवशी)
जाऊन आलो. वॉचमनकाकांनी मीटररूममधून पार्ले बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. जुन्या भाडेकरूंची बिलं, दोन लग्नपत्रिका, आणि तळाशी आईचं पाकीट. न फोडलेलं. वर कुणीतरी पेनाने आकडा टाकून गोल केलाय, बाजूला शिक्का. दीड महिना तिथे पडून होतं.
आता नवीन पाकिटात घालून टाकतो. 28 च्या आत उत्तर येईल का?

पोस्टमनचा_मुलगा
ते कोणी सांगू शकत नाही. पण आत तुमचा नवा पत्ता लिहिलेलं कोरं पोस्टकार्ड घाला. 50 पैशांचं. पाकीट-तिकीट शोधायला लागलं नाही की लोक लिहितात.

केतकीचं_बन
आणि आईंना सांगितलंत का?

अभी_मिरज
सांगितलं. मला वाटलं चिडेल. तर म्हणाली, 'बरं झालं परत आलं, आण इकडे.' स्टँडवरच्या रात्रीचं लिहायचं राहिलं होतं म्हणे. आत्ता नववं पान चाललंय.

पोस्टमनचा_मुलगा
नऊ? मग पोस्टात काट्यावर घालून घ्या. 40 च्या वर गेलं की 15 चं तिकीट.

रॉकेट_रोहन
अभिनेत्री कोण ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत दादा.